प्रेताच्या ओठांवरचे हसू

इव्हलिन वॉ यांची १९४८ साली आलेली ‘द लव्हड वन’ ही छोटी कादंबरी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली. लॉस एंजेलिसमधल्या झगमगीत अंत्यसंस्कारगृहात प्रेते सजवणारा जॉयबॉय आपल्या आवडत्या सहकारिणीकडे प्रत्येक प्रेत ओठांवर हसू बसवून पाठवतो आणि तिचे मन दुसरीकडे वळले की तिच्याकडे रडवेली प्रेते येऊ लागतात, या प्रसंगाला मी मोठ्याने हसले आणि लगेच अंगावर काटा आला. वॉ यांचा विनोद निर्दय आहे, पण त्या धंद्यातला कोरडेपणा त्यांनी अचूक पकडला आहे. सोलापुरात आमच्या लिंगायत घरी आजोबांना विभूती लावून बसत्या स्थितीत समाधी दिली, तेव्हा त्यांची मान कलू नये म्हणून काकांनी ती वाटभर हाताने सावरून धरली होती.