ऊन ज्या वाटेनं येतं

महाद्वारातून बाहेर पडताना मी अजूनही एकदा मागं वळून बघतो. देवीला पाठ दाखवू नये हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे त्या दारातून आतल्या अंधारात किती दूरवर दिसतं याचा अंदाज घ्यायची जुनी खोड. गर्दीतून काहीच दिसत नाही. मागून कुणीतरी "ओ भाऊ, सरका की" म्हणतं आणि मी रस्त्यावर येतो.

अंबाबाईचं देऊळ ते रंकाळा. रमतगमत पंधरा-वीस मिनिटं. कोल्हापूरकर याला चालणं म्हणत नाहीत, "जरा रंकाळ्यावर जाऊन येतो" म्हणतात. जरा या शब्दात एक किलोमीटर, दोन ओळखीची माणसं, एक भेळ आणि तास-दीड तास मावतो.

महाद्वार रोड ओलांडायचा आणि समोरच्या ताराबाई रोडला लागायचं. ओलांडायचा हे म्हणायला सोपं आहे. ओटीची ताटं, खण, हळदीकुंकवाचे ढीग, एक ग्रॅम सोन्याचे साज, वीस रुपयांत तीन कंगवे, आणि या सगळ्यातून वाट काढणारी, आठ माणसं कोंबलेली कर्नाटकातली एखादी गाडी. पर्यटक पोरी साज गळ्याला लावून मोबाइलमध्ये बघत असतात. खरा साज लाखेवर घडवलेल्या पानांचा. एकेका पानाला नाव आणि आकार वेगळा, ती ओवलेली. तो मिळायचा तर बाजूच्या गुजरीत जायला हवं, आणि गुजरीत जायला आधी बँकेत.

ताराबाई रोडला लागलं की तोंड मावळतीकडं होतं. लहानपणी मला ही गोष्ट कधी जाणवली नव्हती. संध्याकाळी या रस्त्यानं जाताना डोळ्यांवर ऊन येतं, हाताचा आडोसा करावा लागतो, एवढंच कळायचं. अंबाबाई पश्चिमेला तोंड करून आहे हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ आत्तीनं समजावला.

आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. तिचं घर या रस्त्यापासून दोन घरं आत. नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला, पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन म्हणजे गाभाऱ्यापुढचा कठडा, असं एकेक ठाणं घेत गाभाऱ्यात जातं. पहिल्या दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, अशी परंपरा. या सहा दिवसांत आत्ती दुपारी चारलाच गच्चीवरची कापडं काढते. कापडंच नव्हे, दोरीसुद्धा सोडून ठेवते.

"देवीच्या उन्हात आपला परकर नको," एवढंच तिचं म्हणणं.

तिच्या गच्चीचा त्या उन्हाशी काडीचा संबंध नाही. मी कॉलेजात असताना होकायंत्र घेऊन तिला हे सिद्ध करून दाखवलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोरीची गाठ सोडली.

तारखांचं गणित मात्र मला आवडलं होतं. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या अलीकडं साधारण ४२ दिवस मोजा, नोव्हेंबरच्या तारखा येतात. पलीकडं तेवढेच मोजा, जानेवारीअखेर येते. म्हणजे जाताना आणि येताना सूर्य एकाच ठिकाणी मावळतो. थेट पश्चिमेला नाही, जरा डावीकडं. आणि देवळातून जरा डावीकडं बघितलं तर काय आहे? रंकाळा. ज्यांनी हे दार, हे खांब, ते गर्भगृह एका रेषेत बसवलं त्यांनी हातात कुठलं यंत्र धरलं असेल ते असो. मी ज्या वाटेनं रंकाळ्यावर जातो, जवळजवळ त्याच वाटेनं ऊन देवळाकडं येतं. आम्ही दोघं रोज समोरासमोर येतो आणि मी डोळे बारीक करतो.

वाटेत अडथळे त्यालाही आहेत. वाढीव मजले, पाण्याच्या टाक्या, पत्रे, जाहिरातींचे फलक. कधी हवेत दमटपणा, कधी धूळ. आता किरणांची तीव्रता मोजायला यंत्र घेऊन अभ्यासक येतात, आकडा लक्समध्ये निघतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते: किरणं कटांजनापर्यंत पोचली, किंवा आज चरणस्पर्श झाला, किंवा ढगांमुळं झाला नाही. चौकाचौकांत ही बातमी क्रिकेटच्या स्कोअरसारखी सांगितली जाते. "काल कुठवर?" "गुडघ्यापर्यंत गेलं." "मग आज जातंय बघ खांद्यावर." कसोटीच्या चौथ्या दिवशी बोलावं तसं.

थोडं पुढं कपिलतीर्थाची मंडई लागते. मी तिथं हमखास थांबतो, कारण आत्तीची पिशवी हातात असते. मेथी, वरणा, पोकळा, लवंगी मिरची. नावात तीर्थ आहे कारण इथं खरंच तळं होतं. ते बुजवलं आणि त्यावर बाजार बसला. कोल्हापुरात असं बरंच झालंय. आपलं शाहू स्टेडियम रावणेश्वराच्या तळ्यावर उभं आहे. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ, आणि पावसाळ्यात ते मैदान आपलं मूळ नाव कुणाला विसरू देत नाही. तेव्हा मंडईत वाकून मेथीची जुडी निवडताना मी तळ्याच्या तळाशी उभा असतो. समोरची मावशी जुडीवर पाणी शिंपडत म्हणते, "घ्या, ताजी हाय, आत्ता आलिया." मला उगाचच वाटतं, पाण्यातूनच आली असेल.

याच भागात तटाकडील तालीम आहे. तट गेला, तालीम उरली. रंकाळा वेसही आता नावापुरतीच. पण नावं अशी चिवट की रिक्षावाल्याला "वेशीत सोड" म्हटलं तर तो बरोबर तिथं सोडतो जिथं वेस नाही.

रंकाळा स्टँडवर गगनबावड्याकडची एसटी भरत असते. हा तुकडा मी भराभर ओलांडतो. धूर, खड्डे आणि कर्कश हॉर्न यांच्यावर ललित लिहिण्याएवढा मी सहनशील नाही.

मग एकदम मोकळं होतं. टॉवर, दगडी कठडा, आणि पाणी. इतक्या दाटीतून आल्यावर एवढं आकाश अंगावर येतं. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस, अलीकडं पाण्यात पाय घालून बसलेला संध्यामठ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो जास्त उघडा पडतो. काही वर्षं केंदाळानं तळं इतकं झाकलं की गुरं चरायला सोडावीत असं वाटे. जुनी माणसं सांगतात की इथं दगडाची खाण होती, भूकंप झाला आणि पाणी लागलं. रंकभैरवाचं देऊळ तळाशी आहे, असंही सांगतात. तळ कुणी बघितलाय.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट तर प्रत्येक पोराला सांगितलेली असते. हा नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. ज्या दिवशी पाण्याशी पोचेल त्या दिवशी प्रलय. मला लहानपणी याची भीती वाटायची. मोठेपणी हिशोबाची आवड लागली तेव्हा प्रश्न पडला की तांदूळ कोणता धरायचा? आजऱ्याचा घनसाळ धरला तर दाणा आखूड, नंदीला रोज थोडा नफा होणार. समजा मिलिमीटरभर. म्हणजे शंभर मीटर जायला एक लाख दिवस, पावणेतीनशे वर्षं. पण बासमती धरला तर दाणा गव्हाहून लांब, नंदी रोज मागंच येणार आणि कधीतरी ताराबाई रोडवरून देवळात जाणार. मी हे आत्तीला ऐकवलं. ती म्हणाली, "घनसाळच की. देवाला कोण बासमती घालतंय?"

गेल्या ३१ जानेवारीला मी कोल्हापुरात होतो. सगळे देवळाकडं निघालेले, आणि मी उलट्या दिशेनं. दर्शनमंडपातली गर्दी आता गुडघ्यांना झेपत नाही, हे खरं कारण. सांगितलं मात्र असं की, उन्हाला निघताना बघायचंय. साडेपाचला महाद्वारापाशी माणसं टाचा उंचावून उभी होती. ताराबाई रोडवर दुकानदारांनी बाहेर टांगलेल्या पिशव्या आत घेतल्या होत्या. एकानं फळकुटावर चढून आपल्या पत्र्यावरचा प्लॅस्टिकचा कागद ओढून काढला, चुरगळून काखेत धरला आणि मावळतीकडं बघत तसाच उभा राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्या कागदानं काही अडलं असतं असंही नाही.

कठड्यापाशी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. पाण्यावर लालसर पट्टा पडला होता, थेट माझ्या पायांपर्यंत. शेजारी एक जोडपं कणीस खात होतं. पोरगं बगळ्याला दगड मारायच्या तयारीत. आणि पलीकडच्या झाडांच्या वर, अगदी खाली, राखेच्या रंगाचा एक लांबट ढग. गावातून तो दिसला नसता. देवळातून तर नाहीच. तिथं हजार माणसं चांदीच्या उंबऱ्याकडं डोळे लावून बसली होती आणि पुढच्या पाच मिनिटांत काय होणार हे फक्त मला, त्या जोडप्याला आणि बगळ्याला ठाऊक होतं.

फोन वाजला. आत्ती.

"कुठं हाईस?"

"रंकाळ्यावर."

"तिकडं ढग हाय काय रे?"

सूर्याची खालची कड ढगात बुडाली होती. पट्टा पायांपासून तुटून मागं मागं सरकत चालला होता, संध्यामठापर्यंत गेला, मग तिथूनही गेला. मला उगाच खोटं बोलावंसं वाटलं.

"हाय," मी म्हणालो. "आत्ताच आला."

पलीकडं थोडा वेळ काही आवाज नाही. मग पितळी बादलीची कडी वाजली. आमच्याकडं बायकाही स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलतात, पुण्यातल्या माझ्या बायकोला त्याचं अजून हसू येतं.

"बरं," आत्ती म्हणाली, "मग मी दोरी बांधतो परत. येताना भेळ आण, कांदा जास्त घालाय सांग."