मोटारीचा नंबर

आमच्या घरात माणसं चार आणि सिमकार्डं पाच. पाचवं शेतात, विहिरीवरच्या पेटीत. नानांच्या मोबाइलमध्ये तो नंबर 'मोटार' या नावानं आहे आणि माझ्या नंबरच्या वर आहे.

औसा तालुक्यात आमचं शेत गावापासून दोन किलोमीटरवर. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा आठ तास, कधी रात्री, आलटून पालटून. रात्रीची पाळी असली की नाना दीड-दोनला उठायचे, डोक्याला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. काठी आपटत चालायचं, म्हणजे जनावर बाजूला होतं. जनावर म्हणजे साप. रात्री त्याचं नाव घ्यायचं नाही. ओल्या पायानं स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं आणि परत यायचं. घरी पोचेपर्यंत लाइट गेली तर पुन्हा तेवढंच. आई तोवर जागी.

मग ऑटो आले. लाइट आली की मोटार आपोआप चालू. सोय मोठी, पण शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, लोड येतो आणि डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, जळते. ऐन हरभऱ्यात डीपी जळाली की गाव आठ-आठ दिवस एकमेकांचं तोंड बघत बसतं. तसा एक हंगाम गेल्यावर नानांनी ऑटो काढून मोबाइल स्टार्टर बसवला. आता स्प्रिंकलरचे पाइप संध्याकाळीच जोडून यायचे, रात्री गोधडीतून फोन लावायचा. पलीकडून एक बाई सांगते, चालू करायला एक दाबा. एखादी फेज गेली किंवा विहिरीचं पाणी तळाला गेलं तर मोटार स्वतःच बंद होते, वाइंडिंग जळत नाही. त्या बाईवर नानांचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझ्यावर कधी नव्हता.

एरवी हेच नाना मला म्हणणार, "त्या डबड्यातून डोकं काढ जरा." मीही 'हो' म्हणून डोकं तिथंच ठेवणार. स्वतः सकाळी चहाबरोबर पंजाब डखांचा पावसाचा अंदाज, मग सोयाबीनचा भाव, मग भाव का पडला ते सांगणारे तीन जण. पूर्वी रेडिओवर पुण्याहून सकाळच्या बातम्या लागल्या की घर हलायला लागायचं. दहा मिनिटांत जग आटपायचं. आता आटपत नाही. पण त्यांच्या मते ते बघणं म्हणजे काम, मी बघतो ते डबडं.

पाचही सिमांचा रिचार्ज लातुरातून मी करतो. त्याचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, त्यामुळे वर्षाला बारा नव्हे, तेरा महिने भरतात. पंचांगातला अधिक महिना साधारण तीन वर्षांनी एकदा येतो, हा दरवर्षी. मुदत संपत आल्याचा मेसेज ज्याच्या त्याच्या नंबरवर जातो. मोटारीचा मोटारीला जातो. ती वाचत नाही.

मागच्या डिसेंबरात तेच झालं. रात्री सव्वादोनला नानांचा फोन. एका रिंगमध्ये उचलला.

"जागाच हैस की."

"हो... म्हणजे आत्ताच."

"मोटार फोन उचलंना. सेवा खंडित हाय म्हणते ती बाई."

मी अंथरुणात कुणीतरी कुठंतरी करत असलेल्या पावभाजीचा व्हिडिओ बघत होतो. तो बाजूला सारला, रिचार्ज मारला. दोन मिनिटांनी पुन्हा फोन. "लागली." पण लगेच ठेवला नाही. "झोप आता," म्हणाले. त्या रात्री आमच्या शिवारात बरेच लोक पाण्यासाठी जागे असतील. मी कशासाठी जागा होतो, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला पावभाजी सांगावी लागली असती.

दिवाळीत गेलो तेव्हा त्यांच्या मोबाइलचं चार्जिंग बघता बघता लावलेल्या फोनांची यादी दिसली होती. मोटार, मोटार, मोटार, कृषी केंद्र, मोटार, मी, मोटार. मधला 'मी' कधीचा ते तारखेवरून कळलं. सत्ताविसावा दिवस.

डिसेंबरात तो फोन आला नव्हता. भावकीत लग्न होतं, राहून गेलं.

तेव्हापासून मोटारीचा रिचार्ज मी सव्वीसाव्या दिवशीच करून ठेवतो. ऑटो-पे लावा म्हणून ॲप रोज मागं लागतं. ते लावलेलं नाही. आणि रिचार्ज झालाय हे नानांना सांगत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन येतो.

"मोटारीचं बघ रे."

"बघतो, नाना. जेवलात का?"