समुद्रातल्या रेषा गेल्या, आणि सीडिंगचा बेतच बदलला

माझ्या नकाशाच्या टाइल, म्हणजे चौकोनी चित्रं, मी आधीच रंगवून ठेवतो. त्यांतल्या समुद्रावरच्या फिकट रेषा अखेर गेल्या! मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे पाण्याचा अवाढव्य पॉलिगॉन (बंद आकृती) पोस्टजीआयएस या भौगोलिक डेटाबेसच्या एसटी-सबडिव्हाइड फंक्शनने जास्तीत जास्त २५६ व्हर्टेक्सच्या (कोनबिंदूंच्या) तुकड्यांत कापला होता. सीडिंग, म्हणजे टाइल आधीच रंगवून साठवण्याचं काम, लगेच धावायला लागलं. पोस्टजीआयएस आधी बाउंडिंग बॉक्सवरून (आकृतीभोवतीच्या आयतावरून) शोधतं, त्यामुळे किनाऱ्याचा जेमतेम कोपरा लागणाऱ्या मेटाटाइललाही (एकदम रंगवलेल्या टाइलच्या गठ्ठ्यालाही) अख्खा पॉलिगॉन डिस्कवरून उपसावा लागायचा. तुकडे झाल्यावर तो भार गेला. पण कॅशे, म्हणजे साठवलेल्या टाइलचा साठा, मात्र आधीपेक्षा फुगला. नकाशा तोच, स्टाइल तीच, झूमही तेच. मग वाढलं काय?

धागा मिळाला तो लिंकांवरून. एकरंगी टाइलची फाइल एकदाच ठेवून बाकी ठिकाणी सिम्बॉलिक लिंक (त्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) टाकायची सोय मॅपप्रॉक्सी या टाइल साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहे. फाइल कॅशे वापरणाऱ्या प्रत्येकाने ती चालू ठेवावी असं माझं ठाम मत आहे. झूम ११च्या फोल्डरमध्ये पाहिलं तर भर समुद्रातही जागोजागी लिंकेऐवजी खरीखुरी पीएनजी बसलेली. त्यातली एक टाइल उघडली आणि पिक्सेल मोजता येतील इतकी मोठी केली. वरपासून खालपर्यंत एक पिक्सेल रुंदीची उभी रेघ, बाकीच्या निळ्यापेक्षा जराशी फिकट. नकाशा बघताना ती नजरेत भरत नाही, पण तेवढ्यानेच टाइल एकरंगी राहत नाही आणि लिंक पडत नाही.

ही रेघ भूमितीत नाहीच. दोन्ही तुकड्यांची कड बरोब्बर एकमेकींना लागून आहे, मध्ये फट नाही. भानगड आहे अँटीअलियासिंगची, म्हणजे कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेचे पिक्सेल अर्धवट रंगवण्याची. कड पिक्सेलच्या मधोमध आली की पहिला तुकडा त्या पिक्सेलवर ५० टक्के निळा चढवतो. दुसरा तुकडा येतो तो उरलेल्या ५० टक्क्यांच्या निम्मा, म्हणजे २५ टक्के झाकतो. एकूण ७५ टक्के निळं, आणि २५ टक्के खालची पार्श्वभूमी डोकावते. रेंडरर, म्हणजे नकाशा रंगवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फीचर (इथे प्रत्येक तुकडा) स्वतंत्रपणे रंगवतो. शेजारी कोण आहे याचा त्याला पत्ता नसतो.

सगळ्यात छळलं ते या रेघेच्या लपंडावाने. झूम ११ला दिसणारी रेघ १२ला गायब, तर दुसरीकडची १२ला उगवलेली. कारण साधं आहे: झूम एकाने वाढला की कडेची पिक्सेलमधली जागा दुपटीने सरकते. झूम ११ला बरोब्बर अर्ध्यावर असलेली कड १२ला पिक्सेलच्या सीमेवर जाऊन बसते आणि रेघ पुसली जाते. म्हणून एकाच झूमवर तपासून "झालं" म्हणण्यात अर्थ नाही.

उपाय म्हणून पहिल्यांदा मॅपनिक या रेंडररचा पॉलिगॉन-गॅमा, म्हणजे कडेचे पिक्सेल किती गडद रंगवायचे ते ठरवणारा आकडा, खाली आणला. हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि मला तो अजिबात पटलेला नाही. रेघ मंद होते, जात नाही, आणि लिंक पडण्यासाठी ती पूर्ण जायला हवी. गॅमाची पद्धत थ्रेशोल्ड केली तर रेघ जाते, पण किनारा करवतीच्या दात्यांसारखा होतो. बिंदू जाळ्यावर बसवणाऱ्या एसटी-स्नॅपटूग्रिडचा उपयोग नाही, कारण बिंदू आधीच जुळलेले आहेत. प्रत्येक तुकड्याला बफर दिला, म्हणजे तो चहूबाजूंनी थोडा फुगवला, तर किनाराच जमिनीत घुसतो आणि अरुंद धक्के पाण्याखाली जातात.

वाट सापडली ती ओपनस्ट्रीटमॅपच्या किनाऱ्यांपासून पॉलिगॉन बनवणाऱ्या ओएसएम-कोस्टलाइनमुळे. तो प्रोग्रॅम मोठे पॉलिगॉन कापताना तुकडे एकमेकांवर थोडे चढवतो, आणि नुसते टेकलेले पॉलिगॉन रेंडरिंगमध्ये त्रास देतात हे कारणही त्याच्या कागदपत्रांत दिलेलं आहे. म्हणजे बफर तुकड्याला नव्हे, कापायच्या चौकटीला द्यायचा! किनारा जिथल्या तिथे राहतो, फक्त कापलेली कड शेजाऱ्यावर चढते. पोस्टजीआयएस ३.१पासून टाइलची चौकट देणाऱ्या एसटी-टाइलएनव्हलपला मार्जिन देता येतं, त्यामुळे चौकटीही थेट टाइलच्या जाळ्याप्रमाणे मिळाल्या. मार्जिन १/६४ ठेवलं. झूम ८च्या चौकटीला ते प्रत्येक बाजूने ४ पिक्सेल होतं. विषुववृत्तावर सुमारे अडीच किलोमीटर, पण भरणीचा रंग अपारदर्शक असल्यामुळे दुहेरी थर दिसत नाही. अर्धपारदर्शक पाणी रंगवणाऱ्यांना मात्र ही युक्ती चालणार नाही. त्यांना गडद पट्टे दिसतील.

चौकटीत व्हर्टेक्स जास्त झाले तर तिचे चार भाग करतो, पण झूम १०च्या चौकटीपेक्षा बारीक कापत नाही. झूम १०च्या चौकटीचं मार्जिन झूम ८ला बघताना १ पिक्सेलच उरतं. आणखी बारीक कापलं तर रेघ परत येणार. गुंतागुंतीच्या किनाऱ्यावर काही तुकडे त्यामुळे जड राहिले, ते मला मान्य आहे. झूम ८पेक्षा लहान आकड्याच्या पातळ्यांना वेगळं, सुलभ केलेलं टेबल आहेच. कापताना पोटचौकट मूळ पॉलिगॉनमधून न काढता तिच्या आईच्या, म्हणजे मोठ्या चौकटीच्या, तुकड्यातून काढायची, वेळ प्रचंड वाचतो. लहान चौकट मार्जिनसकट मोठीच्या मार्जिनमध्ये मावते, म्हणून हे बिनघोर करता येतं. कापायला एसटी-क्लिपबायबॉक्सटूडी वेगवान आहे, पण निकाल अवैध येऊ शकतो. मी एसटी-इंटरसेक्शनवरच राहिलो. किनाऱ्याची रेषा न कापलेल्या पॉलिगॉनच्या सीमेवरून वेगळ्या टेबलात घेतली, नाहीतर प्रत्येक चौकटीला काठ रंगला असता.

परत सीड केलं. भर समुद्रात लिंकाच लिंका. झूम ८ ते १४ एकेक करून पाहिले, एकही फिकट पिक्सेल नाही. बराच वेळ नुसता निळा रंग सरकवत बसलो होतो.

हे लिहिता लिहिताच पुढची गोष्ट सुचली. कापलेल्या टेबलात काही तुकडे मार्जिनसकट पूर्ण चौकटीएवढे आहेत, म्हणजे तिथे पाण्याशिवाय काही नाही. मग ते रंगवायचेच कशाला? झूम ८च्या एका चौकटीखाली झूम १४च्या ४,०९६ टाइल येतात. मॅपप्रॉक्सीच्या सीडिंगला कव्हरेज (कुठला भाग रंगवायचा ते) म्हणून पोस्टजीआयएसची क्वेरी देता येते, तेव्हा रिकाम्या चौकटी त्यातून वगळायच्या. फक्त "रिकामी" ठरवताना बाकीचे थरही तपासायला हवेत: फेरीचे मार्ग, सागरी सीमा, आणि मुख्य म्हणजे नावं. समुद्राचं नाव ज्या बिंदूवर टांगलेलं असतं तिथून ते बऱ्याच दूरवर पसरतं, त्यामुळे नावांसाठी शेजारच्या चौकटीही धरणार.

आणि हे जमलं तर फाइल कॅशेचा आग्रहच उरत नाही. लिंकसुद्धा एक आयनोड (डिस्कवरच्या प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) खाते, आणि लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १६ केबीला एकच आयनोड ठेवते, त्यामुळे डिस्कवर जागा असूनही "जागा नाही" असं ऐकावं लागतं. रिकाम्या टाइल साठवायच्याच नसतील तर मॅपप्रॉक्सीचा एसक्यूलाइट कॅशे (टाइल डेटाबेस फाइलमध्ये ठेवणारा) बरा: प्रत्येक झूमची वेगळी फाइल, एखादी पातळी परत करायची तर तेवढीच उडवायची. झूम १५ची तयारी तूर्त थांबवली आहे. आधी रिकाम्या चौकटींचं टेबल करतो, नावांसकट, आणि झूम १२वर लावून बघतो.