यूट्यूबवर आहे, मग फोनमधून उडवू का?

व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचा फोन गच्च भरलेला असतो. "सगळे व्हिडिओ यूट्यूबवर टाकलेत. आता फोनमधून उडवले तर चालेल ना?"

उडवा खुशाल, पण आधी मूळ फाइल हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. यूट्यूब कोठार वाटतं यात तुमची चूक नाही; खात्याची पडताळणी झाली की १२ तासांचा किंवा २५६ जीबीपर्यंतचा व्हिडिओ तिथे फुकट चढतो. पण लोकांना तिथे दिसते ती तुमची फाइल नसतेच. व्हिडिओ चढला की अगदी धुरकट १४४पीपासून वरपर्यंत त्याच्या लहानमोठ्या नव्या प्रती बनतात, आणि बघणाऱ्याचं नेट जसं असेल तशी प्रत तुकड्यातुकड्यांनी त्याच्याकडे जाते. नुकताच चढवलेला व्हिडिओ आधी धुरकट दिसतो तो त्यामुळेच. मोठी प्रत अजून बनायची असते.

प्रत बनवताना बारकावे गाळले जातात. कुठे, ते बघायचं तर वाऱ्यावर हलणाऱ्या पानांचा किंवा पावसाचा शॉट थांबवून बघा. पुढचा चेहरा ठीक असतो. मागच्या झाडाचा हिरवा लगदा झालेला असतो. यूट्यूब स्टुडिओतून, म्हणजे आपलं चॅनल सांभाळायच्या पानावरून, आपला व्हिडिओ एमपी४ म्हणून परत घेता येतो, पण हाती येते ती अशी प्रत. ती कापून, जोडून पुन्हा चढवली की लगद्याचाही लगदा होतो.

दुसरं म्हणजे, दुकानं बंद होतात. गूगल व्हिडिओने २००९ मध्ये नवे अपलोड थांबवले आणि २०१२ मध्ये गाशा गुंडाळला. सहा सेकंदांच्या व्हिडिओंची व्हाइन २०१३ मध्ये आली आणि २०१७ उजाडल्यावर आटोपलीसुद्धा. मी ज्या सेवेवर वर्षभराचं काम ठेवलं होतं ती इतकी नावाजलेली नव्हती. ती बंद होत असल्याची मेल मी कधीच न उघडणाऱ्या जुन्या पत्त्यावर येऊन पडली होती. वाचली तेव्हा मुदत टळून दोन आठवडे झाले होते. कोणावर चिडणार? पत्ता मीच दिलेला.

व्हिडिओ दाखवायला या सेवा उत्तमच आहेत, त्याबद्दल वाद नाही. मी स्वतः कच्चा कट, म्हणजे एडिटिंग पूर्ण न झालेला व्हिडिओ, व्हिमिओ या व्हिडिओ सेवेवर ठेवतो, कारण तिथे लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते. यूट्यूबवर ती सोय नाही. दुरुस्त व्हिडिओ चढवला की लिंक नवी. घरच्या व्हिडिओंना लोक "अनलिस्टेड" करतात आणि निर्धास्त होतात. अनलिस्टेड व्हिडिओ शोधात येत नाही इतकंच. लिंक मिळाली की कोणीही बघतो, आणि कोणी तो सार्वजनिक प्लेलिस्टमध्ये टाकला तर मग विचारूच नका. मोजक्यांनाच दाखवायचा असेल तर "प्रायव्हेट" करून त्यांना ईमेलवर बोलवा.

आणि हो, फोनमधून उडवण्याआधी डिस्कवरची फाइल एकदा शेवटपर्यंत चालवून बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइलसुद्धा फोल्डरमध्ये नावासकट अगदी शहाण्यासारखी बसलेली असते.