पास इंटरफिअरन्स बघताना नजर कंबरेवर ठेवा

सांगलीत एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघायची म्हणजे रविवारी रात्री साडेदहा-साडेअकरापासून जागरण, आणि सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, असला की सोमवारी पहाटे पाचला उठणं. एवढं करून बघणाऱ्यांत सगळ्यात जास्त वाद पेटतो तो पास इंटरफिअरन्सवरून, म्हणजे पास झेलण्यात बेकायदा अडथळा आणण्यावरून. धक्का लागला की फाउल, असं धरून चाललात तर निम्मे निर्णय अन्यायाचे वाटणार. त्या धक्क्याने रिसीव्हरची (पास झेलणाऱ्याची) चेंडू गाठायची संधी हिरावली का, हे पंचाला ठरवायचं असतं.

म्हणून लांब पास सुटला की मागचे पंच चेंडूमागे नजर पळवत नाहीत, दोघा खेळाडूंच्या अंगावर ठेवतात. तरुण भारत स्टेडियमवर कबड्डी बघणाऱ्याला हे लगेच पटेल. सगळं मैदान चढाईपटूच्या हाताकडे बघत असतं, तेव्हा निदानरेषेवरचा पाय कुणाला तरी टिपावाच लागतो.

डिफेंडरवर (बचाव करणाऱ्यावर) अडथळा न आणण्याचं बंधन येतं ते चेंडू क्वार्टरबॅकच्या (पास फेकणाऱ्याच्या) हातातून सुटल्यावर, आणि कुणीही चेंडूला शिवलं की संपतं. त्याआधी धरलं तर ते होल्डिंग, पाच यार्ड आणि फर्स्ट डाउन, म्हणजे आक्रमण करणाऱ्यांना नव्याने चार प्रयत्न. आक्रमण करणाऱ्यांवर मात्र स्नॅपपासूनच, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासूनच, बंधन असतं.

सगळ्यात फसवा प्रकार कंबरेचा. डिफेंडर लांबचा हात चेंडूवर अगदी स्वच्छ मारतो, पण जवळचा हात रिसीव्हरच्या कंबरेला आधीच गुंडाळलेला असतो. चेंडू पोचण्याआधी रिसीव्हरचं अंग वळलं की फाउल. टीव्हीवर दिसतो तो चेंडूवरचा हात. कंबरेवरचा बहुतेकदा झाकलेला असतो. तसंच, रिसीव्हर एकाच हाताने झेलायला गेला की दुसरा हात कुठे अडकलाय ते आधी शोधा. दोघंही चेंडूकडे बघत असताना पायात पाय अडकले, किंवा चेंडू उघडच आवाक्याबाहेर होता, तर फाउल नाही.

शिक्षा जबर आहे. एनएफएलमध्ये बचाव करणाऱ्याने फाउल केला तिथेच चेंडू आणि फर्स्ट डाउन. एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या, गुण मिळवायच्या पट्ट्यात) केला तर एक यार्डाच्या रेषेवर. चाळीस यार्डांचा पास असेल तर चाळीस यार्ड गेले. कॉलेज फुटबॉलमध्ये जास्तीत जास्त पंधरा. त्यामुळे चांगला पंच फाउलचा झेंडा झटकन टाकत नाही, क्षणभर थांबून सगळी हालचाल मनात जुळवतो.

जानेवारी 2019 मध्ये सेंट्स-रॅम्स सामन्यात रॅम्सच्या रोबी-कोलमनने चेंडू यायच्या आधीच सेंट्सचा रिसीव्हर टॉमीली लुईसला उडवलं आणि झेंडा पडला नाही. त्यानंतर 2019 च्या हंगामात हा निर्णय रीप्लेवर तपासायची मुभा दिली, आणि एका हंगामातच ती काढून घेतली. काढली ते बरंच झालं. स्लो मोशनमध्ये साधा स्पर्शसुद्धा धरून ठेवल्यासारखा दिसतो, त्यातला जोर कळतच नाही. घरी रीप्ले बघताना आधी पूर्ण वेगात बघा. मग फक्त हात आधी लागला की चेंडू, एवढ्यापुरतं हळू करा.