सीडी १०० प्रोजेक्ट, अपडेट ४: क्लच राहिला बाजूला, पान्यांचंच पुराण

मंडळी, मागच्या वेळी छाती ठोकून सांगितलं होतं की पुढच्या अपडेटपर्यंत क्लच प्लेटा पडलेल्या असतील आणि गाडी चालू असेल. नाहीये. गाडी पार्किंगमध्ये डबल स्टँडवर, उजवं कव्हर उघडं, वरून आईची जुनी चादर, आणि मी गेले पाच रविवार गाडीपेक्षा जास्त पान्यांवर घालवलेत. तर यावेळी हत्यारांचंच ऐका.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी, बाबांची हीरो होंडा सीडी १००, ९७.२ सीसी, अकरा वर्षं बंद होती. माझं बजेट हत्यारांसाठी पाच हजार, त्यातले ६४९ मी पहिल्याच दिवशी ऑनलाइन ४६ पीसच्या सेटवर घालवले. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय तो, प्लॅस्टिकच्या पेटीतला, पाव इंची रॅचेट (एका दिशेने जोर देणारा, उलटा मोकळा फिरणारा दांडा), ४ ते १४ एमएमपर्यंत गोट्या, म्हणजे दांड्याला लावून नटावर बसवायचे सॉकेट, आणि बाकी सगळे बिट, जे बिट आजपर्यंत मी एकदाही वापरलेले नाहीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही कारण तोच सेट पाच वेगवेगळ्या नावांनी मिळतो. पेटीवर मोठ्या अक्षरात ‘लाइफटाइम वॉरंटी’. मी म्हटलं वा, सहाशे रुपयात जन्माची सोय.

सायलेन्सरचे दोन नट १० चे आहेत. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन स्टडला (नट ज्यावर चढतो त्या बिनडोक्याच्या बोल्टाला) चिकटलेले, रात्री तेल मारून ठेवलं, सकाळी १० ची गोटी लावली, जोर दिला आणि टक्‌ असा आवाज. मला वाटलं नट सुटला, जाम आनंद झाला. गोटी काढून बघतो तर तिलाच उभी चीर गेलेली, नखात अडकेल एवढी. नट आपला जागच्या जागी.

मग वॉरंटी. पेटीतला कागद पहिल्यांदा नीट वाचला, भिंगच लागलं असतं. वॉरंटी फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला. झीज, गंज, चुकीचा वापर, जास्त जोर, दांड्याला पाइप लावणं, इम्पॅक्ट गनवर वापरणं, काहीही धरणार नाहीत. वस्तू स्वतःच्या खर्चाने पाठवायची, सोबत ओरिजिनल बिल. मी फोटो पाठवले, चार दिवसांनी उत्तर आलं की हा ‘ओव्हरलोड’ दिसतोय तरी पाठवा, आम्ही तपासू. कुरियरवाला १२० म्हणाला. पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, तसलीच सुटी गोटी ७० ला मिळते. म्हणजे वॉरंटी जिंकलो असतो तरी ५० रुपये तोट्यात.

इथे माझी ट्यूब पेटली. वॉरंटीची किंमत कार्डावर नसते, ती वसूल करायला किती पैसे आणि किती रविवार जातात त्यावर असते. अमेरिकेत माझा मावसभाऊ असतो, तो क्राफ्ट्समनच्या गोष्टी सांगतो. १९२७ पासूनचा सिअर्सच्या दुकानांचा ब्रँड, तुटलेला पाना काउंटरवर ठेवायचा आणि नवीन घेऊन निघायचं, बिलबिल कोणी विचारत नसे. पण त्याची गंमत शब्दात नव्हती, गावोगावी असलेल्या काउंटरात होती. २०१७ मध्ये तो ब्रँड स्टॅनले ब्लॅक अँड डेकरने घेतला आणि पुढच्या वर्षी सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे छापतात तेच शब्द, काउंटर मात्र नसतो.

आता कुणीतरी म्हणेल ग्राहक आयोग आहे, हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन कर. आहे ना, ऑनलाइन विक्रीचे नियमही आहेत, विकणाऱ्या साइटने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. दोन हजारांच्या टॉर्क रेंचसाठी (लावलेला जोर झाला की क्लिक करणारा पाना) मी नक्की करेन. ७० रुपयांच्या गोटीसाठी माझ्याच्याने होत नाही, आळशी म्हणा हवं तर. पण घ्यायच्या आधी एक गोष्ट फुकटात होते, पाकीट उलटं करून बघायचं. बनवणाऱ्याचं किंवा इम्पोर्टरचं पूर्ण नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठी फोन नंबर किंवा ईमेल छापणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या ४६ पीसच्या पेटीवर पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव होतं. ज्याचा पत्ताच नाही त्याची लाइफटाइम वॉरंटी कुठे नेऊन देणार होतो मी, देव जाणे.

तिसऱ्या रविवारी सरळ बोहरी आळी. तिथल्या दुकानदार शेठना चिरलेली गोटी दाखवली, त्यांनी ती उन्हात धरली, हसले आणि म्हणाले, “बारा कोनी कशाला घेतली? गंजलेल्या नटाला सहा कोनीच लावायची.” बारा कोनी गोटी पटकन बसते, पण ती नटाचा कोपरा धरते. सहा कोनी कोपऱ्यापासून थोडं आत, सपाट बाजूवर जोर देते, आणि तिची भिंतही जाड असते. मी तुटली म्हणून रडत होतो, पण ती तुटली नसती तर नट गोल झाला असता, आणि सिलिंडर हेडमधला स्टड काढायला मशीन शॉपला गेलो असतो तर त्या सगळ्या सेटच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले असते. स्वस्त हत्याराचा खरा खर्च हा, हत्यार तुटतं तो नाही, ते बोल्ट खातं तो.

शेठकडून सुट्यात घेतलं: सहा कोनी गोट्या ८, १०, १२, १४, १७. १३ ची घेतली नाही, जपानी घराण्याच्या गाडीत ती रिकामीच पडून राहते, ८ एमएमच्या बोल्टाचं डोकं इथे १२ चं असतं. रिंग पाने टपरियाचे घेतले, नाशिकचा माल, १९६९ पासून बनतोय, सुरुवातीला स्वीडनच्या बाहकोचं तंत्रज्ञान होतं. आवडला म्हणून जाहिरात करत नाहीये, कारण वेगळं आहे. त्यातला एक हरवला किंवा गेला तर तोच नंबर सुटा मिळतो, पुण्यात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे, शंभर-दीडशे रुपयात. माझ्या मते हीच आपल्याकडची खरी वॉरंटी. सेटमधलं एक गेलं की पूर्ण सेट घ्यावा लागत असेल तर तो सेट महाग.

घरी येऊन व्हर्निअर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) लावला. जुन्या डबल पान्याचं १० चं तोंड १०.३२ भरलं, नवीन १०.०८. बोल्टचं डोकं ९.९ च्या आसपास. ०.२४ चा फरक, डोळ्याला दिसत नाही, पण पाना लावून डावी-उजवीकडे हलवला की हाताला कळतो, जुना खुळखुळतो. दुकानात व्हर्निअर न्यायची लाज वाटते तर खिशात एक चांगला बोल्ट न्या. मी नेतो.

नट सुटले बरं का. सहा कोनी गोटी, दोन दिवस तेल, आणि आधी किंचित आवळून मग सोडले.

मग आला तो रोटर. ज्यांनी या इंजिनचं क्लच काम केलंय त्यांना माहितीये, क्रँकच्या टोकाला ऑइल फिल्टरचा रोटर असतो, त्याच्या झाकणाला तीन स्क्रू, आणि ते स्क्रू म्हणजे शुद्ध छळ. दिसतात फिलिप्ससारखे (अधिकच्या खुणेच्या खाचेचे) पण असतात जपानी पद्धतीचे. साधा फिलिप्स तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि खाच चाटून जातो. माझा पहिला स्क्रू असाच अर्धा गेला. मग हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, साडेतीनशेचा, कसलीही वॉरंटी नाही, बिलही कच्चं. स्क्रूवर धरला, दोन ठोके, आणि तिन्ही सुटले. आजवरच्या खरेदीत सगळ्यात वसूल हाच. म्हणून मी ‘स्वस्त वाईट, महाग चांगलं’ या लायनीत नाही. हातोडी, छिन्नी, इम्पॅक्ट ड्रायव्हर, तेलाचा ट्रे, हे डोळे मिटून स्वस्त घ्या. जे बोल्टच्या कोपऱ्याला किंवा खाचेला धरतं त्यात पैसे टाका.

मधल्या काळात त्या सेटचं रॅचेटही गेलं, दोन्हीकडे मोकळं फिरायला लागलं. ७२ दातांचं होतं, म्हणजे ५ अंशात पुढचा दात, अडचणीच्या जागी फार सोयीचं, २४ दातांच्याला १५ अंश लागतात. पण दात जेवढे बारीक तेवढा मालही बरा लागतो. उघडलं (उघडलं की वॉरंटी खलास, हेही त्या कागदावर होतं). आत सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसला छोटा कुत्रा, म्हणजे दातात अडकणारा खटका, मागे स्प्रिंग, आणि पिवळं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. कुत्रा त्यातच अडकून मागे बसला होता, दात सगळे शाबूत. रॉकेलने धुतलं, पातळ ग्रीसचा एक थेंब, आणि आता मस्त कर्र कर्र वाजतंय. क्लेम केला असता तर महिनाभर वाट बघितली असती. फक्त आता त्याच्यावर हलकीच कामं देतो.

टॉर्क रेंचवर मात्र उरलेलं सगळं बजेट गेलं. आधी अर्धा इंची घेणार होतो, स्वस्त मिळत होता, पण त्याचं माप सुरूच ४० न्यूटन-मीटरपासून. माझं काम कुठे? ड्रेन बोल्ट साधारण २४, कव्हरचे बोल्ट १० च्या आसपास. म्हणून ५ ते २५ वाला घेतला, १ वर्ष वॉरंटी, त्यात कॅलिब्रेशन धरलेलं नाही, आणि ते जवळपास कुणीच धरत नाही. कागदावर अधिक-उणे ४ टक्के. तपासायचं कसं? व्हाइसमध्ये चौकोनी टोक पकडलं, दांडा आडवा, १५ वर सेट केला, मुठीच्या खुणेला बादली टांगली आणि मग्याने पाणी ओतत गेलो. टोकापासून खुणेपर्यंत २२ सेंटीमीटर, म्हणजे ७ किलोला किंचित कमी असताना क्लिक व्हायला हवं. झालं ७ किलो ४०० ला. पाच वेळा केलं, पाचही वेळा ५०-६० ग्रॅमच्या आत तेवढंच. म्हणजे दाखवतो १५, देतो जवळपास १६, आणि यात दांड्याचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही, म्हणजे खरं त्याहून थोडं जास्तच. ४ टक्क्यांत बसत नाही, बदलून मागता आला असता. पण चुकतो तो रोज सारखाच चुकतो, ते मला चालतं, १० हवे असतील तर ९ वर लावतो. काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, नाहीतर स्प्रिंग बसते. बायकोने बाथरूमची बादली आणि मगा दोन्ही परत मागितलेत.

बिलांचं काय करतो तेही सांगतो, थर्मल पेपरचं बिल हळूहळू कोरं होतं, घेतल्या घेतल्या फोटो काढून वस्तूच्या फोटोसोबत एका फोल्डरमध्ये टाकतो. शेठकडचं कच्चं बिलही टाकतो, त्यावर त्यांनी पेन्सिलने ‘१० सहा कोनी बदलून दिली’ असं लिहिलंय. हो, नवीन घेतलेली एक गोटी मुळातच तिरकी बनलेली निघाली होती, दांड्यावर बसेना. ‘बदला,’ एवढंच म्हणालो, काउंटरवरच बदलली, मिनिटभर लागलं नाही.

हिशोब: पाच हजारांच्या जागी ५,८४०. ४६ पीसच्या पेटीतल्या आता सहा-सात गोट्याच वापरात आहेत.

सध्या अडलंय ते रोटरमागच्या खाचांच्या नटापाशी, त्याला चार दातांची खास गोटी लागते. विकत ४०० ला आहे, पण आयुष्यात दोनदा लागणार. धायरी-सिंहगड रोड बाजूला कुणाकडे असेल तर एका रविवारपुरती द्या, चहा माझ्याकडून, आणि ती तुटली तर नवीन घेऊन देईन, बिलाशिवाय.