आमच्या घरातली देशमुखी

"रुबीना... देशमुख? लग्नानंतरचं आडनाव का?" नाही हो, माहेरचं. आम्ही महाडकडचे कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या देशमुखच. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे आधी तुम्ही मराठा होतात?" राग येत नाही, पण वाईट वाटतं. विचारणाऱ्याने देशमुख ही जातच धरलेली असते.

देशमुखी हे वतन, म्हणजे पिढीजात हक्काचं सरकारी काम. गावाला पाटील-कुलकर्णी, तसे परगण्याला, म्हणजे अनेक गावांच्या मुलखाला, देशमुख-देशपांडे. देशमुखाने शेतसाऱ्याची वसुली बघायची, देशपांड्याने दप्तर सांभाळायचं. बहमनी गेली, निजामशाही-आदिलशाही गेली, तरी वतन बापाकडून लेकाकडे जात राहिलं. ज्याच्या घरात वतन, तो देशमुख; घर मराठ्याचं असो, ब्राह्मणाचं, कायस्थ प्रभूंचं की मुसलमानाचं. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख चित्पावन, मूळचे सिद्धये. घराण्यात देशमुखी होती म्हणून देशमुख झाले.

नेहरूंच्या सरकारात तर पन्नाशीच्या दशकात एकाच वेळी दोन देशमुख होते. अर्थमंत्री चिंतामणराव सीकेपी, म्हणजे कायस्थ प्रभू, जन्म आमच्याच महाड तालुक्यातल्या नाते गावचा. शेतीखात्यात पंजाबराव, अमरावतीकडच्या पापळचे कुणबी. चिंतामणरावांनी १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर राजीनामा दिला, हे आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. कुणी जात विचारत नाही, "आपल्या तालुक्याचा माणूस" एवढंच.

वतनाचा मोठेपणा मात्र मी मिरवणार नाही. रयतेला नाडणारे देशमुख कमी नव्हते. शिवाजी महाराजांना त्यांच्या मनमानीला वेसण घालावी लागली. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा वतनं रद्द केली, ते योग्यच झालं. हक्क गेले, आडनाव राहिलं.

माझ्या धाकट्या भावाने पुण्यात भाड्याने घर शोधलं तेव्हाची गोष्ट. फोनवर "देशमुख" म्हटलं की "या ना, कधीही या." दारात पूर्ण नाव सांगितलं की जागा कालच गेलेली असायची. भाऊ वैतागून म्हणाला, आडनाव लावायलाच नको. मी त्याला म्हटलं, लाव. ते आपल्याला कुणी उसनं दिलेलं नाही.

तुम्हीही देशमुख असाल, कुठल्याही जातीधर्माचे, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा: आपली देशमुखी कुठल्या परगण्याची? आणि मलाही कळवा.